भाजलेलं कार्ड आणि गुरुवारचा समुद्र

त्या रविवारी सकाळी मी गाडी आतून साफ करायचं ठरवलं. बस्स, एवढंच केलं मी. आजवर आमच्या घरात माझ्या हातून जेवढी म्हणून नासधूस झाली, तिची सुरुवात कुठल्यातरी चांगल्या विचारानेच झालेली आहे. (मॅरियन, म्हणजे माझी बायको, म्हणते, "नेव्हिल, तू वाईट विचार करत जा. आळशीपणामुळे तुझ्या हातून ते तरी पार पडणार नाहीत.")

विचार चांगला होता आणि तो माझाही नव्हता. आदल्या गुरुवारी सासूबाई म्हणाल्या होत्या, "नेव्हिल, तुझ्या गाडीत पावाचा इतका चुरा साठलाय की समुद्रावरची पाखरं खिडकीतून आत बघायला लागलीत." सासूबाईंचं नाव बेरिल. वय एक्याऐंशी. गेली चार वर्षं आमच्याकडेच, खालच्या पुढच्या खोलीत राहतात. दोन्ही खुबे झिजलेत, काठी घेऊन बारा-पंधरा पावलं चालतात आणि मग कुठेतरी टेकतात. जिभेचं मात्र काहीही झिजलेलं नाही.

तर मी गाडीतलं सगळं बाहेर काढलं. त्यात पुढच्या काचेखाली ठेवलेलं सासूबाईंचं निळं कार्डही आलं. हे कार्ड काचेखाली दिसत असलं की अपंगांसाठी राखून ठेवलेल्या जागेत गाडी लावता येते. मागच्या बाजूला सासूबाईंचा फोटो. कार्डावर चहा सांडलेला, एका कोपऱ्याला मुरंबा. मी ते भांड्यांच्या साबणाने छान धुतलं. आता वाळवायचं कुठे? घरातला हीटर मॅरियन एक एप्रिलला बंद करते. बाहेर बर्फ पडत असला तरी बंद म्हणजे बंद, एप्रिल म्हणजे वसंत ऋतू. एवढ्यात मला ओव्हन दिसला. बीफ मघाशीच भाजून बाहेर आलं होतं, ओव्हन रिकामा आणि कोमट. मॅरियन वर कपडे बदलत होती. मी एका बशीत कार्ड ठेवलं, फोटोची बाजू वर, आणि बशी अगदी खालच्या जाळीवर सरकवली. म्हटलं, दोनच मिनिटं. आणि बाहेर जाऊन गाडीत व्हॅक्यूम फिरवायला लागलो.

सीटखाली मला पेपरमिंटचे अकरा कागद, एक हातमोजा आणि अर्धं बिस्किट मिळालं. बिस्किट बऱ्यापैकी होतं. या सगळ्यात दोनाची वीस मिनिटं कधी झाली ते कळलं नाही.

मी स्वयंपाकघरात आलो. ओव्हनसमोर खुर्ची टाकून सासूबाई बसलेल्या, मांडीवर अंडी उकडताना लावायचं मिनिटांचं घड्याळ, हातात काठी. मॅरियन हाताची घडी घालून उभी.

यॉर्कशर पुडिंग आत गेलं होतं.

ज्यांच्या घरी ही पुडिंगं होत नाहीत ते सुखी लोक. गोड नसतात, बीफच्या रश्शाबरोबर खायची. मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ असतं. तेल धूर येईस्तोवर तापवायचं, त्यात ते ओतायचं, ओव्हनचं दार लावायचं आणि पंचवीस मिनिटं काही झालं तरी उघडायचं नाही. गार हवा आत शिरली की फुगलेलं पुडिंग बसतं, ते पुन्हा उठत नाही. शहाण्णव सालच्या नाताळात मी एकदा दार उघडलं होतं. आमचं लग्न, आमचं घर, आमची दोन मुलं, या सगळ्यांपेक्षा ती गोष्ट आमच्याकडे जास्त वेळा निघते.

"आई," मी म्हणालो, "जरा दार उघडू का? एकच सेकंद."

"कशाला?"

"सहज."

"शहाण्णव साली पण सहजच उघडलं होतंस."

"नेव्हिल, लांब हो तिथून," मॅरियन म्हणाली.

मी लांब झालो नाही, गुडघ्यांवर बसलो. ओव्हनच्या दाराला काच आहे. वरच्या जाळीवर बारा पुडिंगं हळूहळू डोकं वर काढत होती, आणि खालच्या जाळीवर बशीत सासूबाई पडल्या होत्या. फोटोतल्या सासूबाई. माझ्याकडे रोखून बघत.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण एका बाजूला भाजणारं कार्ड आणि दुसऱ्या बाजूला फुगणारी पुडिंगं, असा तराजू समोर आला की आमच्याकडच्या माणसाची वाचा जाते. आणखी बावीस मिनिटं होती. कार्डाचे चारही कोपरे आधी वर आले. मग कडा आत वळल्या. मग सासूबाईंची हनुवटी लांब झाली, कपाळ गेलं, आणि अठराव्या मिनिटाला त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

"काहीतरी जळतंय का गं?" खऱ्या सासूबाई म्हणाल्या.

"तेल असेल, आई," मी घाईने म्हणालो.

"नेव्हिल, तू घामाघूम का झालायस?"

"पुडिंगांची काळजी वाटतेय," मी म्हणालो. चार वर्षांत पहिल्यांदाच सासूबाईंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

घड्याळ वाजलं. मॅरियनने दार उघडलं आणि दोघी एकदम "आहाहा!" म्हणाल्या. अशी पुडिंगं आमच्या घरात कधी झाली नव्हती. सोनेरी, खरपूस, वाडग्याएवढी. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या आईच्या हातची अशी व्हायची," त्या म्हणाल्या आणि एक उचलायला हात पुढे केला.

"आई, खाऊ नका!" मी ओरडलो आणि खालची बशी बाहेर काढली.

बशीत बोटभर लांबीची निळी सुरळी होती. सासूबाईंनी चष्मा लावला, ती काट्याने उलटसुलट केली.

"ही मी का?"

"हो, आई."

"गालफडं बसलीत माझी."

प्लॅस्टिकच्या धुरात भाजलेलं अन्न मॅरियन कोणाला खाऊ देणार नव्हती. "बाराच्या बारा टाकणार?" सासूबाईंनी विचारलं. "बाराच्या बारा," मॅरियन म्हणाली. पुडिंगं कचऱ्यात जाताना सासूबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. आम्ही बीफ नुसतंच खाल्लं, रस्सा ताटात तसाच राहिला.

कार्ड गेल्यामुळे काय अडणार आहे, ते मात्र कोणाच्या लक्षात येईना. शेवटी चहाच्या वेळी सासूबाईंनीच विचारलं, "मग गुरुवारचं काय?"

दर गुरुवारी दुपारी मी सासूबाईंना समुद्रावर नेतो. समुद्रावर म्हणजे गाडीत. आमच्या थॉर्नबीला समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची, काचा वर करायच्या, थर्मासमधला चहा ओतायचा, चीज आणि लोणच्याचं सँडविच खायचं आणि समुद्र बघायचा. खाली सहसा कोणी उतरत नाही. उतरायला आम्ही काय वेडे आहोत? बाहेर केवढा वारा असतो. आता अगदी पुढच्या रांगेतल्या आठ जागा निळ्या कार्डवाल्यांच्या. बाकीच्यांचा गाडीतळ आहे मागे, भिंतीच्या पलीकडे. तिथून भिंत फार छान दिसते.

"नवीन कार्ड मिळेल, आई. मी उद्याच जातो कौन्सिलमध्ये."

"काही हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझं काय, मी बसेन इथे खिडकीत. माझी काळजी करू नका."

आमच्या भागात "काही हरकत नाही" हे वाक्य कोणी शांतपणे उच्चारलं तर समजावं की हरकत एवढी मोठी आहे की ती या खोलीत मावणार नाही. मॅरियनने माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासायला उठलो.

मागोमाग सासूबाई आल्या, हातात फडकं. मी भांडी घासायला लागलो, त्या पुसायला. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"नेव्हिल, कोणाला बोलायचं नाही, मॅरियनला पण नाही."

"नाही बोलणार."

"आपल्या डाव्या हाताला एक हिरवी गाडी असते. आठवते?"

आठवत होती. त्या गाडीत एक टोपीवाले म्हातारे गृहस्थ असायचे. पण आम्ही पोहोचलो की पाच मिनिटांत सासूबाई मला म्हणायच्या, "जा, जरा पाय मोकळे कर," आणि मी अर्धा मैल चालून यायचो. चार वर्षं मला वाटत होतं की यांना माझ्या प्रकृतीची काळजी आहे.

"त्यांचं नाव आर्नल्ड," सासूबाई म्हणाल्या. "पूर्वी ट्राम चालवायचे. आम्ही बोलतो जरा. ते त्यांची काच दोन बोटं खाली करतात, मी माझी करते."

"बरं."

"शुक्रवारी ते मुलीकडे निघालेत, एबर्डीनला, पार स्कॉटलंडात. कायमचे. मागच्या गुरुवारी त्यांनी मला विचारलं, बेरिल, मी जाऊ का राहू?"

मी बशी हातातून सोडली. ती फेसात पडली म्हणून वाचली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार! असं एकदम कोणी विचारतं का? म्हटलं, विचार करते आणि पुढच्या गुरुवारी सांगते."

"मग फोन करा ना!"

"नंबर नाही माझ्याकडे."

"घरी जाऊ या. पत्ता?"

"पत्ता नाही. उत्तरेकडे कुठेतरी बंगली आहे."

"आडनाव सांगा, मी शोधतो."

"आडनाव कसं विचारणार, नेव्हिल?" सासूबाई माझ्यावरच चिडल्या. "आमची रीतसर ओळख कुठे झालीय?"

चार वर्षं! गुडघेदुखी, ट्रामचे संप, गेलेली माणसं, सगळं बोलून झालं होतं, आणि आडनाव विचारणं म्हणजे चोंबडेपणा. मी हसलो नाही. सासूबाई ओली बशी फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होत्या, आणि मला एकदम भयंकर वाईट वाटलं. गुरुवारी त्या जागी आमची गाडी दिसली नाही तर तो माणूस काय समजणार? उत्तर 'जा' आहे, असंच समजणार.

"आई, तुमचं उत्तर काय आहे?"

"ते मी त्यांना सांगेन, तुला कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी मी ऑफिसला दांडी मारून कौन्सिलमध्ये, म्हणजे आमच्या नगरपालिकेत, गेलो. सुरळी मी सँडविचच्या डब्यात, कापसात ठेवून नेली होती. रांगेत नंबर आला चौतीस. काउंटरवर जनीन नावाची तरतरीत मुलगी होती. वय असेल पंचवीस, मी अठ्ठावन्न.

"बोल राजा," ती म्हणाली, आमच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात तसं. "काय झालं?"

"निळं कार्ड बदलून हवंय. सासूबाईंचं."

"हरवलंय, चोरीला गेलंय की खराब झालंय?"

"भाजलंय."

"भाजलंय म्हणजे?"

"ओव्हनमध्ये. पंचवीस मिनिटं."

तिने कीबोर्डवरून हात काढले. "फॉर्मात ओव्हन नाही, राजा. 'खराब' लिहिते. खराब कार्ड परत जमा करावं लागतं. आणलंयस?"

मी डबा उघडला. जनीनने आत बघितलं, ओठ घट्ट दाबले, आणि मग मागे वळून हाक मारली, "शेरन! मॉरीन! जरा इकडे या. स्टॅप्लर घेऊन या." स्टॅप्लरचं काही काम नव्हतं, पण दोघी आल्या. मागून साहेबही आले. माझ्या पाठीमागे वीस माणसं उभी होती. रांग मोडून बघायला कोणी आलं नाही, तेवढी आम्हाला शिस्त आहे. पण अख्खी रांग डावीकडे कलली.

"उलगडून बघू का? नंबर वाचावा लागेल."

"हळू. सासूबाई आहेत त्यात."

भिंग आणलं गेलं. तीन आकडे वाचता आले, चौथा पुडिंगच्या तेलाखाली होता. बाकीचं जनीनने कॉम्प्युटरमधून काढलं, फी घेतली, पावती दिली आणि म्हणाली, "झालं. दहा दिवसांत टपालाने घरी येईल. कामाचे दहा दिवस."

"मला गुरुवारी हवंय."

"राजा, कार्ड इथे छापत नाहीत. लांब कुठेतरी छापतात."

मग मी ते केलं जे मी करणार नाही असं वचन दिलं होतं. काउंटरवर वाकून, हळू आवाजात, जनीनला हिरव्या गाडीची गोष्ट सांगितली. माझा हळू आवाज जरा मोठा आहे. 'मी जाऊ का राहू' पर्यंत आलो तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. मॉरीन म्हणाली, "अगं बाई! आणि आडनाव माहीत नाही?" साहेब म्हणाले, "कसं विचारणार?" रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

"जनीन, काहीतरी कर गं," शेरन म्हणाली.

"काय करू? तात्पुरतं कार्ड असा प्रकारच नाही." जनीनलाही वाईट वाटत होतं. "आणि बाबा रे, दुसऱ्या कोणाचं उसनं आणून लावू नकोस. ते गाडीचं कार्ड नसतं, माणसाचं असतं. ज्याचं कार्ड तो माणूस गाडीत हवा. पकडलं तर तुझी धडगत नाही."

मी हेच वाक्य घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या. मंगळवार गेला. बुधवारी त्यांनी नेहमीप्रमाणे केस सेट करून घेतले. "असू दे," म्हणाल्या, "खिडकीत बसायचं तरी नीट बसावं." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. (मॅरियनने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं.)

गुरुवारी मॅरियन कामावर गेली आणि मी पुन्हा दांडी मारली. ऑफिसात सांगितलं, सासूबाईंच्या बाबतीत जरा गंभीर आहे. ते खरंच होतं.

"आई, चला. कार्ड नाही तर नाही. मी गाडी त्यांच्या गाडीशेजारी आणतो, दोन मिनिटं उभी करतो, तुम्ही काच खाली करून उत्तर सांगा आणि आपण निघू."

"दोन मिनिटांत?"

"एका शब्दाचं तर उत्तर आहे!"

सासूबाईंनी थर्मास भरला, सँडविचं केली. दोघांपुरती नव्हती, चौघांपुरती होती, हे मला नंतर आठवलं.

ईस्टरच्या सुट्टीने थॉर्नबी ओसंडून वाहत होतं. मागचा गाडीतळ भरलेला, रस्त्यावर पोरं, फुगे, वाळूच्या बादल्या. पण पुढच्या रांगेत हिरवी गाडी उभी होती आणि तिच्या उजव्या हाताची आमची जागा रिकामी होती. त्या जागेत मधोमध घडीची एक खुर्ची उघडून ठेवलेली. आम्हाला बघताच टोपीवाले आर्नल्ड खाली उतरले, इतक्या वाऱ्यात, आणि खुर्ची उचलायला लागले. चार वर्षांत तो माणूस मला पहिल्यांदा कंबरेखाली दिसला.

मी गाडी आत घेतली. चार गाड्या पलीकडे पिवळं जाकीट घातलेली वॉर्डन बाई प्रत्येक काचेत वाकून कार्ड बघत येत होती.

"आई, लवकर! काच खाली करा आणि सांगा!"

"काय सांगू? ती बाई येतेय, तू ओरडतोयस, मागे कोणीतरी हॉर्न वाजवतोय. आयुष्याचं उत्तर असं द्यायचं असतं होय?"

"आई, ती दोन गाड्यांवर आली!"

सासूबाई शांतपणे आर्नल्डच्या काचेखालच्या निळ्या कार्डाकडे बघत होत्या. "नेव्हिल, ती कौन्सिलातली मुलगी काय म्हणाली होती? कार्ड गाडीचं नसतं..."

"माणसाचं असतं. मग?"

"मग तो माणूस आपल्या गाडीत बसलेला असताना त्याच्याशेजारी मी बसले तर कोणाच्या बापाचं काय जातं? दार उघड."

खरं सांगतो, सोमवारपासून तीन रात्री मी छताकडे बघत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सासूबाई उतरल्या. आर्नल्डच्या गाडीला पुढून वळसा घालून पलीकडच्या सीटपर्यंत बावीस पावलं होती, मी मोजली. डाव्या बाजूने काठी, उजव्या बाजूने आर्नल्ड, आर्नल्डच्या उजव्या बाजूने आणखी एक काठी. वॉर्डन बाई हातात दंडाच्या पावतीचं यंत्र घेऊन तोवर थांबली, घड्याळ बघत का होईना. आर्नल्डनी दार उघडलं, सीटवरचा चुरा टोपीने झटकला. चार वर्षांत दोघं पहिल्यांदाच एका गाडीत बसले.

"नेव्हिल, तू जवळपासच रहा," सासूबाई म्हणाल्या. "लागलं तर रुमाल हलवीन."

"आता काढा गाडी," वॉर्डन बाई मला म्हणाली.

काढली. पण लावायची कुठे? कुठेही जागा नव्हती. मग मी समुद्राच्या रस्त्याने पुढे गेलो, मनोऱ्याला वळसा घातला, मासे-बटाट्याच्या दुकानामागून परत आलो. फेरी चार मिनिटांची. दर चार मिनिटांनी मला त्या हिरव्या गाडीत क्षणभर डोकावता येत होतं.

पहिल्या फेरीला दोघं सरळ समुद्राकडे बघत होती. दुसऱ्या फेरीलाही. तिसऱ्या फेरीला थर्मास निघाला. चौथीला पुन्हा समुद्र. मी गाडीत एकटाच ओरडलो, "बोला हो, आई, बोला!" सातव्या फेरीला आर्नल्ड हातवारे करत काहीतरी सांगत होते, बहुतेक ट्रामबद्दल. नवव्या फेरीला सासूबाईंनी रुमाल काढला. मी करकचून ब्रेक दाबला. त्यांनी तो आर्नल्डच्या मिशीवर लागलेल्या लोणच्याकडे नेला आणि मागून मला तीन हॉर्न बसले.

अकराव्या फेरीपासून काचांवर वाफ धरली. आता आतलं काही दिसेना. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघायला लागलो आणि वाळूतून परत येणाऱ्या गाढवांच्या रांगेत जवळजवळ घुसलो. आमच्याकडे सुट्टीत पोरांना गाढवावर बसवून फिरवतात. पुढचं गाढव थांबलं आणि माझ्याकडे बघत राहिलं, ओळख पटल्यासारखं.

सतराव्या फेरीला एक पिवळं जाकीट रस्त्यात आडवं आलं. आतल्या वॉर्डन बाई या वेळी दुसऱ्याच होत्या.

"साहेब, गाडी बाजूला घ्या. काच खाली करा. तुमची ही सतरावी फेरी आहे."

"तुम्ही पण मोजताय?"

"तीन गाड्यांमधून तक्रार आलीय. एक माणूस मान बाहेर काढून म्हाताऱ्या माणसांच्या गाड्यांमध्ये बघत फिरतोय म्हणून."

"अहो, माझ्या सासूबाई आहेत तिथे!"

"कुठल्या गाडीत?"

"त्या हिरव्या."

"ती गाडी कोणाची?"

"आर्नल्डची."

"आर्नल्ड कोण?"

"आडनाव माहीत नाही," मी म्हणालो, आणि बाईंनी यंत्र खिशात घालून मला सोबत यायची खूण केली.

आम्ही हिरव्या गाडीपाशी आलो. बाईंनी काचेवर टकटक केलं. काच दोन बोटं खाली आली. आतून चहाचा वास आला आणि आर्नल्डचा खणखणीत आवाज, कारण त्यांना ऐकायला कमी येतं.

"काय म्हणतेय ती? मला इथून हलायला सांगतेय का? सांग तिला बेरिल, मी कुठेही जाणार नाही! इथून नाही आणि एबर्डीनला पण नाही! आत्ताच ठरलंय आमचं!"

माझं काय झालं ते मला सांगता येणार नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अनोळखी वॉर्डन बाईंचं पिवळं मनगट धरून मी उड्या मारायला लागलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वाऱ्यामुळे असेल म्हणावं तर वारा पाठीमागून होता. "राहिले! ते राहिले!" मी ओरडत होतो. शेजारच्या तीन गाड्यांच्या काचा भराभर वर गेल्या.

"मॅडम," बाई काचेत वाकून म्हणाल्या, "हा माणूस म्हणतोय की तो तुमचा जावई आहे. ओळखता याला?"

सासूबाईंनी काच आणखी बोटभर खाली केली. चष्मा नीट बसवला. माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं: वाऱ्याने उभे राहिलेले केस, वाहतं नाक, खिडकीला घासून काळी झालेली शर्टाची बाही.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "कधी पाहिला नाही." आणि काच वर गेली.

पुढचा पाऊण तास मी पोलीस चौकीत होतो. चौकी तशी बरी आहे, चहा देतात. मॅरियनला कामावरून फोन करून बोलावलं गेलं आणि तिने मला ओळखलं, जरा विचार करून. त्यामुळे सगळी हकीकत तिलाही सांगावी लागली. ती आधी चिडली, मग रडली, मग घरी येताना वाटेत केक घेतला.

सासूबाईंना आर्नल्डनी संध्याकाळी सातला दारात आणून सोडलं. आडनाव हेसकेथ. फोन नंबर एका सँडविचच्या कागदावर लिहिलेला होता. मॅरियनने आईला मिठी मारली, केक कापला. मी मात्र कोपऱ्यात बसून होतो. शेवटी राहवलं नाही.

"आई, बाकी सगळं ठीक आहे. पण तुम्ही मला ओळखत नाही असं का सांगितलंत?"

सासूबाईंनी केकचा तुकडा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या हातावर हात ठेवला.

"अरे नेव्हिल, त्यांनी राहायचं जेमतेम कबूल केलं होतं. घरात कोण कोण आहे ते पहिल्याच दिवशी कशाला दाखवायचं?"